शनिवारची बारी

माझं गाव पोंभुर्ण्याकडे, नदीच्या काठाला. आम्ही ढिवर, मासे धरणारे. आता मी कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक करते. सकाळची पहिली एसटी धरली तर दिवस बुडता बुडता घरी पोहोचणं होतं, तेही मधली गाडी चुकली नाही तर. त्यामुळे दिवाळी सोडली तर जाणं नाही. नवरा गेल्यावर नणंदेच्या मालकांनी ही जागा सांगितली. ते तेव्हा इथे कामाठी होते, वरकामाला. जागा ठेक्यावरची. दर जूनला शाळा उघडायच्या आधी मी फोनकडे बघत बसते, यंदा बोलावतील की नाही. आजवर बोलावलं. ज्यांनी बोलावलं त्यांचे उपकार मी विसरत नाही.

माझी स्वतःची शाळा सहावीत सुटली. शाळा नदीपलीकडे होती, बाप खोकून खोकून खाटेला लागला होता, आई जाळं घेऊन तलावावर जायची आणि लहान भाऊ माझ्या कडेवर. शाळा सोड असं मला कोणी म्हटलं नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि पुढे कोणी विचारलंही नाही. हे सांगायचं कारण म्हणजे इथल्या स्वयंपाकघराची खिडकी. ती आठवीच्या पडवीत उघडते. हवा चांगली असली की सर वर्ग पडवीतच भरवत, आणि डाळ शिजेपर्यंत मी खिडकीशी उभी राहायची. सहावीच्या पुढचं जे काही माझ्या कानावर पडलं, ते तिथेच पडलं.

सर घाटाकडचे होते. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. आले तेव्हा त्यांची भाषा पोरांना समजत नव्हती आणि पोरांची त्यांना. ते "कशाला" म्हणत तर मागून कोणीतरी "काऊन" म्हणून दुरुस्त करी. दुसऱ्या वर्षी सरच काऊन म्हणायला लागले. ते आणि मी, दोघंही दुरून आलेले. जेवायला बसले की त्यांच्या आईच्या हातच्या भाकरीची आठवण काढत आणि मग घाईनं म्हणत, "तसं तुमचा भातही छान असतो हो, मावशी."

नोव्हेंबरात संविधान दिन येतो. बाकीच्या वर्षी त्या दिवशी पोरं उद्देशिका पाठ म्हणत, एखादं भाषण होई आणि मी मसालेभात करायची. त्या वर्षी मात्र सरांनी दिवाळीची सुट्टी संपताच तो धडा उघडला. उघडला म्हणजे, पुस्तक बंदच ठेवलं. म्हणाले, समजा एक गाव नवीन बसवायचं आहे. एकजण राजवाड्यातून आला आहे, एकजण झोपडीतून. कोणाला कालपर्यंत विहिरीला हात लावू देत नव्हते. कोणी तुमच्यासारखा रानातून चालत आला आहे. सगळ्यांना त्याच गावात राहायचं आहे, तर आधी काय ठरवाल?

एक म्हणाला रस्ता. एक म्हणाली दारूबंदी. मागचा एक म्हणाला, मास्तर कमी ठेवू. सर हसले. मग त्यांनी सांगितलं की आपला देश असाच बसवला. इंग्रज जात होते, आणि चारी कोपऱ्यांतून लोक येऊन एका मोठ्या सभागृहात बसले होते. जवळपास तीन वर्षं बसले. लिहिलं, खोडलं, भांडले, परत लिहिलं. एकेका शब्दावर दिवस घालवले.

"तीन वर्षं त्यांले जेवन कोन देत होतं?" एका पोरानं विचारलं आणि सगळा वर्ग माझ्या खिडकीकडे पाहून हसला. मीही हसले. पण खरं सांगते, तो प्रश्न मला आवडला होता.

मग सरांनी सांगितलं की जिथे एकमत झालं नाही तिथे मतं घेतली, हात वर केले, जिकडे जास्त तिकडचं धरलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ही पोरं आतल्या गावांची, गोंडांची बहुतेक. त्यांच्या गावात सभा बसते तेव्हा हात मोजत नाहीत. एकाचंही मन नसेल तर सभा उठते आणि दुसऱ्या दिवशी परत बसते. त्याचं म्हणणं ऐकतात, त्याला समजावतात, नाहीतर बाकीचे त्याचं मानतात. सगळ्यांचा हो आल्याशिवाय गोष्ट ठरत नाही.

"सर," खिडकीखाली बसलेल्या पोरीनं विचारलं, "ज्याचा हात नाई उठला, तो घरी कसा गेला?"

सर तिच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, हा प्रश्न मला माझ्या शिक्षकांना विचारता आला नव्हता.

ती पोरगी मला चांगली माहीत होती. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घराघरांत आहे, रक्ताचा, आईबापाकडून येतो. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. गार पाणी, दमणूक, थंडी, यातलं काहीही झालं की हाडं ठणकायला लागतात आणि माणूस गुरासारखं ओरडतं. नर्सबाईनं मला बजावून ठेवलं होतं की हिला सकाळी कोमट पाणी द्यायचं, पिवळी गोळी समोर गिळायला लावायची आणि थंडीत चुलीपाशी बसवायचं. म्हणून रोज सकाळी बाकीची पोरं हापशीवर तोंड धुवायची तेव्हा ही माझ्या चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची. बाप नव्हता. आई डोंगरापलीकडच्या गावात थोडा धान लावायची, मोहफुलं वेचायची. पोरीला तिथे बसणं आवडायचं नाही. खिडकीवरून जाता जाता कोणीतरी म्हणायचंच, "महारानीले गरम पानी देल्लं का, मावशी?" मी उलथनं उगारायची. ती मात्र राखेत काडीनं रेघा ओढत राही.

तिच्या त्या प्रश्नानंतर सरांनी ठरवलं की आपण आपल्या शाळेची सभा भरवायची, आणि ती पोरांच्या गावासारखी. मोहाच्या झाडाखाली गोल बसायचं. सगळ्यांचा हो आला तरच गोष्ट ठरणार. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. त्यांना वाटलं संविधान दिनाचा कार्यक्रम आहे.

पहिलाच विषय पाण्याचा निघाला. शाळेची मोटार जळाली होती आणि नवी येता येत नव्हती. फाटकाजवळच्या हापशीवरून पाणी आणून माझे ड्रम भरावे लागत. आजवर ते मोठ्या पोरांवर पडायचं आणि ती कुरकुरायची. सभेनं ठरवलं की सातवी-आठवीच्या पोरापोरींनी जोडीजोडीनं बाऱ्या लावून घ्यायच्या. वार वाटले गेले. मी खिडकीतून कांदा चिरत ऐकत होते. सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं.

मग ती उठली. "माही बारी कुठी आहे?"

"तुही बारी चुलीपाशी," कोणीतरी म्हटलं आणि हशा झाला. वाईट मनानं नव्हतं ते. तिला सगळ्यांनी मिळून सोडलं होतं, मायेनंच.

"मंग माहा हो नाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

सभा उठली. दुसऱ्या दिवशी परत बसली. सरांनी तिला समजावलं, तिच्या मैत्रिणींनी समजावलं. ती एकच धरून बसली. "सर, तुमीच सांगतलं का सगळे सारखे. मले काम नाई देत, तर मी सारखी कशी?"  सभा परत उठली. असं काही दिवस चाललं. पोरं कंटाळली. शेवटी सरांनीच वाट काढली की तिला जोडीदारीण धडधाकट द्यायची, हापशी तिनं मारायची आणि हिनं फक्त लहान बादली वाहायची. ती तयार झाली, पण चेहरा सांगत होता की तिला बादलीवर थांबायचं नाही. तरीही दोघातिघांचं मन होत नव्हतं. जेवायची वेळ टळून गेली होती. वर्गातला सगळ्यात उंच पोरगा, खाण्यात पक्का, उठून म्हणाला, "लिहा ना सर तिचं बी नाव. भात थंडा होऊन राह्यला."

सगळ्यांनी हो म्हटलं. तिला शनिवार मिळाला.

सरांचा चेहरा त्या दिवशी उजळला होता. ताट घ्यायला आले तेव्हा म्हणाले, मावशी, बघितलंत? एकटी पोरगी उठली आणि साऱ्यांना तिचं ऐकावं लागलं. मीही म्हटलं, हो सर, खरंच. आणि ती तर अशी चालत होती, जशी कोणी तिला लुगडं नेसवलं आहे. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर उद्याच्या बाऱ्या पुकारायला लागले. शनिवारसाठी तिचं नाव आलं की ती "हजर" असं म्हणायची, जे कोणीच म्हणत नव्हतं.

मला धाकधूक होती. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे पाणी अंधारातच भरावं लागतं. पहिल्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी ती लसूण सोलायला बसली होती, तेव्हा मी तिला आमच्या तलावाची गोष्ट सांगितली.

आमच्याकडे उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सारे ढिवर मिळून जाळी टाकतात. बायाही उतरतात. दिवसभर पाण्यात. मग काठावर मासोळ्यांच्या ढिगल्या लावतात, घर तितक्या ढिगल्या, सगळ्या सारख्या. आणि ढिगल्या लावायला बसलं की सगळ्यात आधी त्या घरांच्या ढिगल्या काढून बाजूला ठेवतात ज्यांच्या घरचं कोणी पाण्यात उतरू शकलं नाही. कोणी बाळंतीण, कोणी खाटेवरचा. ती ढिगली आधी. मग बाकीच्यांच्या. माझा बाप खाटेला होता आणि आईला दिवस गेले होते, त्या वर्षी आमची ढिगली अशीच निघाली होती.

"पान्यात न उतरता?" ती म्हणाली.

"न उतरता."

"आनाले कोन गेलं?"

"मी गेली. टोपली घेऊन."

ती लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "तुमाले कसं वाटलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण ती पोरगी समोर बघत होती. मी म्हटलं, टोपलीवर पळसाची पानं झाकून आणली, कोणाला दिसू नये म्हणून.

"पाहा," ती म्हणाली.

"पण कोणी काही म्हटलं नव्हतं. तो आमचा वाटा होता. भीक नव्हती."

"तुमच्या गावात नाई म्हनत. इथी म्हनतात." थोड्या वेळानं लसणाची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "पन आधी काडून ठेवत, हे बेस आहे."

मला वाटलं, आज नाही तर उद्या हे तिच्या मनात उतरेल.

काही शनिवार चांगले गेले. जोडीदारीण हापशी मारायची, ही बादली वाहायची, मी कोमट पाण्यात तिचे हात घालून शेकायची. ती हात ओढून घेत म्हणायची, "सगळ्याइचे शेका, नाईतर माहे बी नोको." मग मला जोडीदारणीचेही हात शेकावे लागत.

पौष लागला. जंगलातली थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायची नाही. धानाच्या बांध्यांवर धूर उभा राहावा तसं धुकं उभं असतं. त्या शनिवारी जोडीदारणीला ताप होता. तिनं हिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की दुसरं कोणी घे. हिनं कोणाला सांगितलं नाही. दुसरं कोणी घेतलं असतं तर बारी तिची कशी राहिली असती?

मी चूल पेटवत होते. हापशीचा आवाज येत होता, रोजच्यासारखा. मग तो थांबला आणि बराच वेळ काही आलं नाही. कंदील घेऊन बाहेर गेले तर ती हापशीच्या ओट्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीत धरून, भिजलेली. दोन बादल्या भरलेल्या होत्या. ओरडत नव्हती. दात दातांवर दाबून बसली होती. मला बघून म्हणाली, "एक ड्रम झाला, मावशी. दुसरा थोडा राह्यला."

चुलीपाशी आणून तिला घोंगडीत गुंडाळलं. सर धावत आले. कुरखेड्याहून गाडी यायला सकाळ झाली. तिथल्या डॉक्टरांनी गडचिरोलीला पाठवलं. अधीक्षिकेची जागा रिकामी होती, पोरीबरोबर बाईमाणूस पाहिजे म्हणून मी गेले. सर गाडीत पुढे बसले होते आणि साऱ्या रस्त्यात मागे वळून बघत होते. सलाईन लावलं, रक्त चढवलं. दुखणं कमी झालं की ती बोलायची. छातीत कफ भरत होता, हे डॉक्टर सरांना बाहेर नेऊन सांगत होते. मला सरांच्या चालण्यावरून कळत होतं.

एकदा ती शुद्धीवर नीट होती. सर पलंगाशी स्टुलावर होते. ती म्हणाली, "सर, माही बारी काडू नोका."

सर म्हणाले, नाही काढणार.

"मुख्याध्यापक सर काडतीन."

"त्यांना एकट्याला काढता येत नाही," सर म्हणाले. "सभेनं दिलेली आहे. सगळे हो म्हणतील तरच निघेल." 

तिनं मान हलवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी बरी होतवर माही आधी काडून ठेवजा, मावशी. ढिगली." आणि हसल्यासारखं केलं.

दोन-तीन दिवसांत ती गेली. आई आली होती तोवर. डोंगर उतरून, मग कोणाच्या मोटरसायकलवर बसून. तिला मराठी थोडी येत होती. आम्हाला वाटलं ती आम्हाला बोलेल, बोलायलाच पाहिजे होतं. सर तर तिच्यासमोर मान वर करत नव्हते. ती सरांजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "घरी मी तिले पान्याले नाई पाठवत होती. राग ये तिले. बाजारात भेटली तवा सांगे, याया, शनवार माहा आहे." याया म्हणजे आई, त्यांच्या गोंडीत. एवढंच. मग तिनं पदर तोंडाला लावला.

आम्ही मातीला गेलो, वर्गातली पोरंही गेली. उंच पोरगा साऱ्या वाटेत सगळ्यांच्या मागे चालत होता.

शाळेत परतल्यावर सर पुस्तकातून शिकवायला लागले. पान काढायचं, वाचायचं, प्रश्न लिहून द्यायचे. सभा बंद. एका दुपारी ताट पुढ्यात घेऊन बसले होते आणि जेवत नव्हते. मी विचारलं, तर म्हणाले, "मावशी, मी त्यांना अर्धाच धडा शिकवला होता. सगळे समान, एवढाच. ज्यांनी हे संविधान लिहिलं त्यांना माहीत होतं की समान म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच ओझं ठेवायचं नसतं. ज्याला आधार लागतो त्याला तो द्यायचा, आणि तो उपकार नाही, तो हक्क आहे. हे त्यांनी समतेला लागूनच लिहून ठेवलंय. मी ते पुढच्या आठवड्यात घेणार होतो. मग सभा लांबली, मग संविधान दिन आला, मग..." आणि त्यांनी ताट सरकवलं.

 सहावी शिकलेल्या बाईनं काय सांगायचं? मी म्हटलं, सर, दोन घास खा.

थोड्या दिवसांनी मुख्याध्यापकांनी सांगितलं की बाऱ्यांतून ते नाव आता काढा, प्रार्थनेत पुकारतात तेव्हा लहान पोरं रडतात. त्यांचंही बरोबर होतं. सरांनी सभा बोलावली, ती गेल्यानंतरची पहिली. आणि ह्या वेळी खिडकीपाशी येऊन म्हणाले, "मावशी, तुम्हीही बसा. पाणी तुमच्या ड्रममध्ये येतं. तुम्हाला पहिल्या दिवशीच बसवायला पाहिजे होतं." मी हात पुसले आणि गोलाच्या कडेला बसले. सभेत बसायची माझी ती पहिलीच वेळ.

सरांनी विषय सांगितला. सगळे एकेक करून हो म्हणाले. मीही बहुधा म्हटलं असतं. पण माझ्याआधी तो उंच पोरगा होता.

"माहा हो नाई," तो म्हणाला.

सरांनी विचारलं, मग शनिवारी काय करायचं? त्यानं बोटानं माती उकरली. मग म्हणाला, "शनवारी सगळे जाऊ. तिचं नाव पुकारा, आमी सगळे उठतो."

असं सुरू झालं. शनिवारसाठी तिचं नाव पुकारलं की सातवी-आठवी सगळी उठायची आणि पहाटे हापशीवर जायची. ड्रम दहा मिनिटांत भरायचे. दर वर्षी नवा वर्ग आला की सभेत हा विषय निघतो, आणि दर वर्षी कोणीतरी एकजण नाही म्हणतो. सरांची बदली झाली, त्यांच्या घाटाकडे. जाताना मला म्हणाले, चुकलं माझं काही तर सांभाळून घ्या. त्यांनी मला सभेत बसवलं, हे मी कसं विसरू? अजूनही संविधान दिनाला त्यांचा फोन येतो. पोरांची चौकशी करतात. शनिवारचं विचारत नाहीत, मीच सांगते.

आता तिच्या वर्गातलं कोणी इथे उरलं नाही. तिच्यानंतरच्या वर्गांतलेही गेले. नागरिकशास्त्राला नव्या मॅडम आल्या आहेत, मन लावून शिकवतात, सभेची पद्धतही त्यांनी मोडली नाही. मोटार नवी बसली आहे, त्यामुळे हापशीची गरज नाही. बाऱ्या आता परसबागेच्या, शनिवारची मात्र अजून तिच्याच नावाची. आज सभेत मॅडम म्हणाल्या, या मुलांना ती कोण हे माहीतही नाही, नाव नुसतंच राहिलं आहे, तर नव्यानं बाऱ्या लावू. पोरांनी एकेक करून हो म्हटलं. निरागस पोरं. त्यांना काय माहीत.

मॅडमनी सगळा गोल फिरून शेवटी माझ्याकडे पाहिलं, मानापुरतं. "मावशी, तुमचं हो ना?"

 मार्च चालू आहे, पुढे जून आहे. नव्या मॅडमचं मुख्याध्यापकांवर वजन आहे असं सगळे म्हणतात. इतक्या वर्षांत मी कोणत्याही सभेत नाही म्हटलेलं नाही.

"माहा हो नाई," मी म्हटलं.

मॅडमनी रागावून नाही, नवलानं विचारलं, का? मला नीट सांगता आलं नाही. तलावाचं सांगितलं, ढिगलीचं सांगितलं, मधेच तिच्या आईचं आलं. पोरं ऐकत होती. शेवटी मागून एक लहानसा आवाज आला, "मावशी, भूक लागली." बाकीचे हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे, उद्या परत बसू.

उद्या मी सभेच्या आधीच पोरांना जेवायला वाढणार आहे. पोटभर. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे, पण भात थंड होतो म्हणून कोणी हो म्हणायला नको.